पितळी माशी

कुत्रं प्रभाकररावांच्या गोळीनं मेलं नाही, तेव्हापासून त्यांनी वावरात जाणं सोडलं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. अंगणवाडीला सुट्टी होती. तिच्या भिंतीला लागून ते फेस गाळत उभं राहिलं. माणसं काठ्या घेऊन लांबूनच हाकलत होती, जवळ कोणी जात नव्हतं. मग कोणाला तरी शेठची, म्हणजे प्रभाकररावांची, आठवण झाली. परवान्याचं रिव्हॉल्व्हर गावात त्यांच्याच घरी होतं. प्रभाकररावांचे वडील सिंदीच्या कापूस बाजारात व्यापार करत. तिथून एकट्यानं येणंजाणं असायचं म्हणून त्यांनी ते घेतलं होतं, आणि त्यांच्यामागे परवाना मुलाच्या नावावर झाला होता.

प्रभाकरराव धोतर सावरत आले. बायालेकरांना त्यांनी मागे सारलं, पंचवीस पावलांवर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी नेम धरला. पहिली गोळी भिंतीत गेली. दुसरी भिंतीत गेली. तिसरीही तिथंच गेली, आणि कुत्रं बिथरून पळालं, ते सरळ शेजारच्या राकेशच्या गोठ्यात शिरलं आणि खुंट्याला बांधलेल्या कालवडीला चावलं. तिथं पोरांनी त्याला सब्बलीनं मारलं. कालवड एकविसाव्या दिवशी गेली.

राकेश तोंडावर काही बोलला नाही. बाकीचे बोलले. पानठेल्यावर बसणारी पोट्टी विचारायची, शेठ, भिंत मेली का जी? लहान लेकरं त्या भोकांत बोटं घालून खेळायची. सत्तर ओलांडलेला माणूस. आधी त्यांनी हसून घेतलं, मग पानठेल्याकडून जाणं टाळलं, मग घराबाहेरच निघेनासे झाले. त्याच्या आदल्याच वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. सेवाग्रामच्या डॉक्टरनं नजर साफ आहे म्हणून सांगितलं होतं. पण डॉक्टरपेक्षा गोळीले जास्त समजते, असं ते म्हणायचे.

वावर मग प्रमिलाबाईंवर आलं. कापसाची पहिली वेचणी, दुसरी वेचणी त्यांनीच बायांना घेऊन केली. पहाटे उठून पूजा, तुळशीला पाणी, अकरा फेऱ्या. मग चहा, भाकरी, डोक्याला दुपट्टा बांधून वावर. पऱ्हाटीच्या बोंडांच्या टोकांनी नखांभोवतीची कातडी निघायची. घरी यावं तर प्रभाकरराव ओसरीच्या खांबाला टेकून त्याच जागी, सकाळच्याच अंगरख्यात. किती झाला, असंही विचारायचे नाहीत.

बोलण्याचंच म्हणावं तर प्रमिलाबाईंचं मौनाचं एक व्रत होतं. दर सोमवारी उठल्यापासून सांजेचा दिवा लागेपर्यंत त्या बोलत नसत. मुलगा मिहिर कॉलेजात असताना तापानं बेशुद्ध पडला होता, तेव्हा महादेवापुढे नवस बोलून धरलेलं. अकरा वर्षं झाली, एकही सोमवार मोडला नव्हता. एका सोमवारी चुलीतलं लाकूड पायावर पडलं, तरी ओठ मिटून राहिल्या. पूर्वी प्रभाकररावांना त्या दिवसाचा जाच व्हायचा. ते मुद्दाम काही विचारायचे, त्या हातवारे करायच्या, ते उलटा अर्थ लावायचे आणि हसायचे. आता सोमवार आला-गेलेला घरात कळतही नव्हता. इतर सहा दिवसही तसेच होते.

पौषात राकेश एकदा येऊन ओसरीवर बसला. त्याचं वावर यांच्या धुऱ्याला लागून. पाडव्यापासून वावर ठोक्यानं मले द्या, तो म्हणाला, सालाचे पैसे ठरवून देतो, तुम्ही आता आराम करा. प्रभाकररावांनी नजर वर केली नाही. "घेजो," एवढंच म्हणाले.

त्याच रात्री जेवताना त्यांनी मिहिरला फोन लावायला सांगितलं. मिहिर पुण्यात होता, कंपनीत. दोन वर्षांपासून तो आईबाबांना तिकडे बोलवत होता, आणि प्रभाकरराव दर वेळी वावराचं नाव पुढे करत. आता त्यांनी सांगितलं की पाडवा झाला की येतो, दोघंही येतो, कायमचे. रिव्हॉल्व्हरचा परवाना फाल्गुनात संपते, ते पोलिसांत जमा करून टाकतो. फोनवर मिहिर म्हणाला, खोली तयारच आहे.

प्रमिलाबाई ताटाशी बसून होत्या. त्यांनी तोंडातला घास बराच वेळ चावला. नवऱ्याच्या तोंडून वावर सोडल्याचं ऐकून बाईमाणसानं डोळ्याला पदर लावायला हवा होता, हे त्यांना समजत होतं. पण त्यांना आनंद झाला होता. इला, मिहिरची मुलगी, साडेचार वर्षांची झाली होती आणि त्यांनी तिला उणंपुरं तीनदा मांडीवर घेतलं होतं. जूनमध्ये ती मोठ्या शाळेत जाणार होती. मिहिरनं सांगितलं होतं की शाळा घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे, आई सोडू शकेल. प्रमिलाबाई ती पाच मिनिटं रोज चालत होत्या. कोणत्या हातानं बोट धरायचं, पाण्याची बाटली कोणाजवळ ठेवायची, रस्त्यात काय काय विचारेल ती. वावरातून उन्हात परत येताना त्या मनातल्या मनात तिच्याशी बोलत यायच्या. चाळीस वर्षांच्या या घरात आता कोणी त्यांना काही विचारत नव्हतं.

देवाजवळ त्यांनी तेही कबूल केलं. बाप्पा, माणूस खचला आणि मले चांगलं वाटून राह्यलं, हे पाप असलं तर माह्याच अंगावर घेजो.

जुन्या लुगड्यांची लहानशी गोधडी त्यांनी शिवायला काढली.

माघ लागला तसे प्रभाकरराव सेलूच्या ठाण्यात गेले. एकटे गेले नाहीत. रस्ता ओलांडताना गाडी दिसत नाही म्हणायचे, म्हणून प्रमिलाबाईंनी कोपराला धरून नेलं. जमादार तरुण होता. त्यानं परवान्याची वही उघडली, रिव्हॉल्व्हर उलटंपालटं करून पाहिलं आणि नळीच्या तोंडाशी बोट ठेवलं.

नेम धरायला नळीच्या पुढच्या टोकावर जो उंचवटा असतो त्याला माशी म्हणतात. वहीतल्या वर्णनात पितळी माशी असं लिहिलं होतं. इथं तर नुसता पितळेचा ठिपका राहिला होता. जमादार म्हणाला की वर्णनाशी जुळल्याशिवाय जमा करून घेता येत नाही, उद्या वरून मलेच विचारतील. मिस्त्रीकडून नवी बसवून आणा, पावती जोडा.

"कुठं घासली इतकी, आजोबा?" त्यानं विचारलं. "भिंतीवर?"

तिथपर्यंत गोष्ट पोचली होती. बाकावर बसलेला शिपाई तोंड फिरवून हसला. प्रभाकररावांनी वही, रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं. पिशवीची चेन लागायला वेळ लागला. प्रमिलाबाईंनी लावून दिली नाही. मदत केली तर आणखी दिसेल, असं त्यांना वाटलं.

वर्ध्याला बंदुकांच्या दुरुस्तीचा परवाना असलेलं एकच दुकान त्यांना माहीत होतं. आधी फोन केला, तर मिस्त्रीनं सोमवारी या म्हणून सांगितलं.

सोमवारी दोघं नऊच्या बसनं निघाले. प्रमिलाबाईंचं मौन होतं. तुरीची सोंगणी सुरू होती आणि बायांना सुमित्राबाईच्या भरवशावर सोडून त्या निघाल्या होत्या. सुमित्राबाई त्यांच्याकडे वीस वर्षांपासून कामाला येत होती, तिला काही सांगावं लागत नसे. बसमध्ये प्रभाकरराव खिडकीशी बसले, पण बाहेर न पाहता मांडीवरच्या पिशवीकडे पाहत राहिले.

दुकान लहान होतं. दारातच लोखंडी बाक, आत शिकंजा ठोकलेलं टेबल, भिंतीला कानशी ओळीनं टांगलेल्या. मिस्त्रीचं नाव अश्वजित. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं काकूंना बसायला बाक पुसून दिला, त्या बोलल्या नाहीत तेव्हा काकांकडे पाहिलं. मौन आहे, असं प्रभाकररावांनी सांगितलं. अश्वजितनं मान हलवली आणि काम हातात घेतलं. आधी चकरी बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याचं पाहिलं, मग उजेडाकडे नळी धरून माशीवर अंगठ्याचं नख फिरवलं.

"ही माह्या बाबानं बसवली होती, काका."

"हो. सत्त्याऐंशी साली. पहिली लोखंडाची होती, ते तुटली. तुहे वडील म्हणे, पितळेची बसवतो, सांजच्याले चांगली दिसते."

"बाबाची खाच मले ओळखू येते." त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "पण हे आता कामाची नाई. अर्ध्याच्या वर गेली."

"कागदापुरती बसवून दे, बापू. जमाच करायची हाय."

कागदापुरतं त्याला जमत नाही, असं अश्वजित म्हणाला. नळी कापडात गुंडाळून त्यानं शिकंज्यात धरली. बारीक पंच लावून हातोडीचे हलके ठोके दिले, तशी आडवी कील दुसऱ्या बाजूनं निघाली. मग जुनी माशी चिमट्यानं उचलून तळहातावर घेतली. हरभऱ्याच्या सालीएवढी राहिली होती. खाचेत हिरवट कीट होतं, ते त्यानं काडीनं कोरून काढलं. पितळेच्या पट्टीतून तुकडा कापला आणि कानशीनं घासायला घेतला. कानशीचा आवाज एकसारखा येत होता. पिवळा भुगा त्याच्या पॅंटवर पडत होता.

"जमा काऊन करून राह्यले?" त्यानं मान खाली ठेवूनच विचारलं.

प्रभाकरराव सहसा परक्या माणसाशी बोलणारे नव्हते. पण अश्वजित त्यांच्याकडे पाहत नव्हता, आणि म्हणूनच की काय, त्यांनी सांगायला सुरुवात केली. कुत्र्याचं सांगितलं. अंगणवाडीच्या भिंतीचं सांगितलं. राकेशची कालवड आडवी पडून पाय झाडत होती, ती पाहायला आपण गेलो नाही, मागच्या खिडकीतून पाहिलं, हेही सांगितलं. प्रमिलाबाईंना हे माहीत नव्हतं. चार महिन्यांत त्यांच्याजवळ ते एवढं एकदाही बोलले नव्हते.

"नजर गेली," प्रभाकरराव म्हणाले. "हात बी गेला. माणसानं समजून घ्यावं."

कानस थांबली.

"गोळ्या भिंतीत कुठं लागल्या? वर, का बाजूले?"

"वर. कुत्र्याच्या पाठीवरून गेल्या."

"तिन्ही?"

प्रभाकररावांनी तीन बोटं जोडून टेबलावर उभी केली. "अशा. एकाले लागून एक."

अश्वजितनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि त्या तीन बोटांकडे पाहिलं.

"काका, हात गेलेल्या माणसाच्या गोळ्या एका जागी पडत नाई."

मग त्यानं तळहातावर जुनी माशी आणि नवा तुकडा शेजारी ठेवून दाखवलं. पुढची माशी ठेंगणी झाली, की मागे, डोळ्याकडच्या बाजूला असलेल्या नेमाच्या खाचेशी तिचा मेळ बसवायला माणूस नकळत नळी वर उचलतो. नेम बरोबर असतो, गोळी वरून जाते. एवढी झिजली तर पंचवीस पावलांवर वीतभर तरी वर जाईल. याच्यानं कोणी बी चुकलं असतं, तो म्हणाला.

प्रभाकरराव ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊ पाहत होतं. प्रमिलाबाईंना ते बाकावरून दिसलं, आणि ते परत गेलेलंही दिसलं.

"बुढ्याले बरं वाटावं म्हणून नको सांगू," ते म्हणाले. "पितळ काय लोण्याचं असते का? वर्षातून एक डाव पेटीतून काढतो मी. मंग झिजते कशी?"

अश्वजितनं ते तुकडे पुन्हा पाहिले. तेच त्याला समजत नव्हतं. चामड्याच्या म्यानानं घासली तर एका बाजूनं जाते, ही वरून सपाट गेली होती, आणि खाचेत कीट आंबटाचं दिसत होतं.

"समजत नाई ना? मंग सोड." प्रभाकररावांचा आवाज पहिल्यासारखा झाला. "पहिलेपासूनच ठेंगणी असन. दोष माहाच हाय. तू बसव, पावती दे."

प्रमिलाबाईंना मात्र समजलं होतं.

दर खंडेनवमीला प्रभाकरराव पेटीतून रिव्हॉल्व्हर काढत, रिकामं करून पाटावर ठेवत आणि आंघोळीला जात. पाटावर विळा असे, कुऱ्हाड असे, डवऱ्याची पास असे. देवाची पितळेची भांडी त्या दिवशी चिंचेनं लख्ख करायची, तशीच ही पितळेची चिमूट. बाकीचं काळं, एवढंच पिवळं. नवऱ्याच्या जिवाची राखण करणारी वस्तू, म्हणून त्या ती निरांजनापेक्षाही जास्त घासत. चिंच, मीठ, वर विटकरीची भुकटी. बोटं दुखायला लागली तेव्हापासून भांड्यांची तार. चकाकली की वर कुंकवाचं बोट. ओलं धोतर नेसलेले प्रभाकरराव येऊन पाहत आणि म्हणत, वा. वर्षातून एकदा म्हणत.

आता त्यांच्या डोळ्यांपुढे तिन्ही गोष्टी एकदमच उभ्या राहिल्या: तार, भिंतीतली भोकं, मागच्या खिडकीतून कालवडीकडे पाहणारा नवरा.

आज सोमवार. बोलायचं नव्हतं. देवानंच तोंड बांधून ठेवलं होतं, मग न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. कोणी त्यांना विचारलंही नव्हतं. अर्ध्या तासानं पावती मिळणार, उद्या ठाण्यात जमा होणार, पाडवा येणार. जूनमध्ये शाळा. पाच मिनिटांचा रस्ता. बोट, बाटली. त्यांनी लुगड्याच्या काठाला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला.

प्रभाकररावांना पान थुंकायला बाहेर जायचं होतं. त्यांनी न पाहता हात मागे केला. प्रमिलाबाईंचं कोपर शोधायला. तो हात हवेत चाचपडत होता. एकेकाळी त्या हातानं बिथरलेल्या गोऱ्ह्याची शिंगं धरून त्याला खाली बसवलेलं त्यांनी पाहिलं होतं. बोटं लुगड्याला लागली, मग त्यांनी कोपर घट्ट धरलं.

"मी घासली," प्रमिलाबाई म्हणाल्या.

सकाळपासून न वापरलेला आवाज, तो खरडून निघाला. दोघांनीही त्यांच्याकडे पाहिलं.

"खंडेनवमीले. दरसाल. देवाच्या पितळेसंग चिंचेनं घासत होती मी. चार वर्सं झाले, तारेनं घासतो. तुमच्या डोळ्याले काही नाई झालं."

प्रभाकररावांचा हात कोपरावरून सुटला. ते बायकोकडे वळले.

"आज सोमवार हाय," ते म्हणाले.

प्रमिलाबाईंनी मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. अश्वजितनं कानस उचलली आणि पितळ पुन्हा घासायला लागला. थोड्या वेळानं त्यानं तुकडा खाचेत बसवला, कील ठोकली, टोकं घासून नळीबरोबर केली. प्रभाकररावांच्या हातात देत म्हणाला की थोडी उंच ठेवली आहे, चालवून पाहिल्यावर गोळी खाली गेली तर आणा, कमी करून देईन. कमी करता येते, वाढवता येत नाही. प्रभाकररावांनी दाराबाहेर, समोरच्या रिकाम्या भिंतीवर नेम धरून पाहिला. हात हलत नव्हता.

पान थुंकायला ते एकटेच गेले.

परतीच्या बसमध्ये ते पुन्हा खिडकीशी बसले आणि दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. मोठ्यानं वाचत होते. कृषी सेवा केंद्र. खाली बारीक अक्षरांत होतं तेही. टायरचं दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय. गावं सरली तशी झाडांवरच्या जाहिराती वाचल्या. प्रमिलाबाई शेजारी बसून होत्या. मोडलेल्या मौनानंतर उरलेल्या दिवसाचं काय करायचं असतं, ते त्यांना माहीत नव्हतं. बोलायचं, की पुन्हा गप्प बसायचं? त्यांना कोणी काही विचारलं नाही म्हणून त्या गप्पच राहिल्या.

फाट्यावर उतरून गावापर्यंत पाऊण मैल चालायचं होतं. प्रभाकरराव पिशवी काखेत मारून निघाले. आधी दोन पावलं पुढे, मग दहा, मग वळणावर दिसेनासे झाले. मागे वळून पाहिलं नाही. रागानं नव्हे. त्यांना आठवण राहिली नव्हती.

ठाण्यात रिव्हॉल्व्हर जमा झालं नाही. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज गेला. मंगळवारी सकाळी प्रभाकररावांनी राकेशला ओसरीवर बोलावलं आणि पाडव्याचं जमणार नाही म्हणून सांगितलं. राकेशनं बियाण्याची तजवीज केली होती, त्याचा चेहरा उतरला. काऊन, म्हणून त्यानं विचारलं.

"काऊन म्हंजे? माही नजर ठीक हाय." प्रभाकररावांनी घराच्या दाराकडे बोट केलं. "आमच्या बाईनं माशी घासून टाकली होती. भांडं समजून."

राकेश हसला नाही. तो म्हणाला, "म्हंजे माही कालवड काकूनं मारली."

आत चुलीपुढे प्रमिलाबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं. प्रभाकररावांनी काही उत्तर दिलं असेल तर ते ऐकू आलं नाही.

दोन दिवसांत गावभर झालं. प्रभाकरराव पानठेल्यावर जायला लागले आणि तिथं बसून सगळं नीट समजावून सांगायला लागले. माशी, मागची खाच, वीतभर. अंगणवाडीच्या भिंतीजवळ पोट्ट्यांना नेऊन तिन्ही भोकं दाखवली, एका तळहाताखाली झाकतात पाहा. पोट्टी आता मान डोलवायची. हसायला त्यांना दुसरं मिळालं होतं. तुरीच्या वावरात बाया विळे चालवता चालवता म्हणायच्या, काकू, आमच्या बुढ्याची जीभ घासून द्या न जी एकदा तारेनं. प्रमिलाबाई हसायच्या. सुमित्राबाई हसली नाही. तिनं एकदा धुऱ्यावर पाणी पिताना हळूच विचारलं, तुमचं सामान बांधणं चाललं होतं ना?

"होतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आता नाई."

महादेवाच्या देवळात त्यांनी पुजाऱ्याला विचारून घेतलं. मोडलेलं व्रत पुढे चालत नाही, पहिल्यापासून धरावं लागतं, असं तो म्हणाला. त्यांनी बेल वाहिला आणि पुढच्या सोमवारी पहिला सोमवार मोजला.

मिहिरला फोनवर प्रभाकररावांनीच सांगितलं. ओसरीवर उभे राहून, मोठ्या आवाजात, सगळी माशी पुन्हा समजावून. मग फोन प्रमिलाबाईंच्या हाती दिला आणि बैलांना पाणी पाजायला गेले. मिहिर आधी चिडला. हे काय आई, दर वेळी असंच करतात बाबा. मग त्याचा आवाज खाली आला. खरं सांगू का, तो म्हणाला, चारुताच्या आईचं, माझ्या सासूबाईंचं, गुडघ्याचं ऑपरेशन आहे, त्यांना तीनचार महिने कुठं ठेवायचं हा प्रश्नच होता. आता ती खोली त्यांना देता येईल. तू वाईट वाटून घेऊ नकोस.

"काऊन वाटन? दे त्यायले. बिमार माणूस हाय," प्रमिलाबाई म्हणाल्या. मग विचारलं, "इलाले शाळेत कोण सोडून देईन?"

व्हॅन लावणार होता. पाच मिनिटांसाठी व्हॅन परवडत नाही खरं, पण काय करणार, तो म्हणाला. इलाला फोनवर बोलावलं, पण ती टीव्हीपुढून उठली नाही.

महिनाअखेरीस तूर सगळी सोंगून झाली आणि गंजी लावायचं काम सुरू झालं. प्रभाकरराव उजाडायच्या आत वावरात जात. दुपारी प्रमिलाबाई भाकरी घेऊन गेल्या तेव्हा ते गंजीवर चढून पेंढ्या रचत होते, आणि खालून पेंढ्या देणाऱ्या गड्याला टोचून बोलत होते. पाठ घामानं भिजली होती. ते खाली उतरले, हातपाय धुतले आणि बाभळीच्या सावलीत बसले. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. ते भुकेल्या माणसासारखे जेवत होते, आणि जेवता जेवता पुढच्या सालाचं सांगत होते. खालच्या तुकड्यात तूर नको, सोयाबीन घेऊ. धुऱ्यावरचा निंब छाटावा लागते. प्रमिलाबाई ऐकत होत्या. किती दिवसांनी ते असे बोलत होते, हेही त्यांच्या मनात आलं.

ठेचा संपला. प्रभाकररावांनी तांब्या तोंडाला लावला, मिशा पुसल्या, आणि पहिल्यांदाच काही आठवल्यासारखं बायकोकडे पाहिलं.

"बरं झालं, वाचली तू," ते म्हणाले. "तुले पुण्याले करमलं नसतं. ना वावर, ना माणसं. बोलली कोणाशी असती तिथं?"

पलीकडे सुमित्राबाई आणि दोघी बाया सांडलेल्या शेंगा वेचत होत्या. राकेश त्याच्या वावरात बैल सोडत होता, इकडे पाहत नव्हता.

"हो," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नसतंच करमलं."

प्रभाकररावांनी समाधानानं मान डोलवली, दुपट्टा पुन्हा डोक्याला बांधला आणि ते गंजीवर चढले. प्रमिलाबाईंनी ताट विसळून पाणी बाभळीच्या बुंध्याशी टाकलं. ऊन कलायला अजून वेळ होता. त्यांनी टोपली रिकामी केली, पदर खोचला आणि सांडलेल्या शेंगा वेचायला बायांपासून थोड्या अंतरावर जाऊन बसल्या.